तुझ्या नावाने स्वस्त

त्रेगारॉन, ६ फेब्रुवारी

डेलिथ,

नाताळात आपण एकमेकींना जे बोललो ते मी विसरलेले नाही, तूही विसरली नसशील. तरी लिहिते आहे, कारण काम आहे. फोन केला असता, पण तो आहे स्वयंपाकघरात आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बाबा. त्यांना ऐकू येत नाही असं ज्याला वाटतं त्याने एकदा त्यांच्याविषयी हळू आवाजात बोलून बघावं. मोबाइलला या दरीत रेंज आली तर मी गावजेवण घालीन.

तर, माझ्या गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आलं आहे. गेल्या वर्षी साडेचारशे पौंड भरले होते, या वर्षी अकराशे चाळीस मागतायत. कारण वेगाबद्दल लायसन्सवर पडलेले दंडाचे सहा पॉइंट. तीन मिळाले आपल्याच गावात, ताशी वीस मैलांच्या नव्या हद्दीत, सकाळी रस्त्यावर मेंढरूसुद्धा नसताना. दुसरे तीन माझ्या म्हाताऱ्यांपैकी आयवर प्यू न्हाणीघरात पडले असा निरोप आला त्या दिवशीचे. तू म्हणशील, मग सावकाश चालवायची. आयवर प्यू फरशीवर पडलेले असताना तू सावकाश चालवून दाखव. सरकार चार वर्षांनी हे पॉइंट पुसतं, विमावाले मात्र पाच वर्षं विचारत राहतात. आणि मी डोंगरातल्या म्हाताऱ्यांना घरोघर जाऊन आंघोळी घालते, त्यांच्या गोळ्या बघते. गाडी नाही तर काम नाही, हे तुला वेगळं सांगायला नको.

कंपनीला फोन केला. (तुझ्या क्लाइव्हनं सुचवलेलीच ही कंपनी.) तिथली मुलगी भली होती. म्हणाली, तुमची गाडी अधूनमधून चालवणारं, स्वच्छ लायसन्सचं दुसरं कुणी असेल तर त्याचं नाव जोडून बघा, हप्ता उतरतो. आधी बाबांचं नाव जोडून पाहिलं, तर हप्ता चढला. मग तुझं जोडलं. सातशे ऐंशी.

तू काहीही केलेलं नाहीस. गाडीत बसली नाहीस, काच पुसली नाहीस. नुसतं नाव. मी फोन हातात धरून उभी, आणि बाबा खुर्चीतून म्हणतात, “बघ. डेलिथचं नाव घेतलं की कामं होतात.” पाच वर्षं आधी जन्मले मी. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते तुझ्यासारखीलाच.

तू ईस्टरला येतेस तेव्हा बाबांना माझ्याच गाडीतून चॅपलला नेतेस, म्हणजे हे खोटंही नाही. फक्त एक सांग. तुझं लायसन्स अजून कोरं आहे ना? कंपनी विचारते म्हणून विचारते आहे. उत्तर मला ठाऊकच आहे. तुझं सगळंच कोरं आणि इस्त्रीचं असतं.

नेरिस


श्रूजबरी, ११ फेब्रुवारी

नेरिस,

हो, कोरं आहे. घाल माझं नाव. एवढ्यावर नाताळातलं भांडण मिटणार असेल तर आपण दोघी स्वस्तात सुटलो.

फक्त कंपनीची पत्रं तुझ्याच पत्त्यावर येतील ना? इथे आली तर क्लाइव्ह उघडतो. घरातलं सगळं टपाल तोच उघडतो, त्याची सवय आहे, आणि मग तो विचारत बसतो. आणि ते प्रत्येक नाव तपासतात, की आपण सांगू ते लिहून घेतात? सहज विचारलं.

तुझ्या पोटात दुखतं ते मला कळतं, पण माझ्याही पोटात दुखतं हे तुला कधी दिसत नाही. बाबांनी माझ्या वाढदिवसाला कार्ड पाठवलं. त्यात माझ्यासाठी एक ओळ, आणि खाली नेरिसनं छत दुरुस्त करून घेतलं, नेरिसनं कोकराच्या मटणाचा काउल रस्सा केला, नेरिसशिवाय माझं पान हलत नाही, असं पाऊण पान भरून. पन्नाशीला आलेल्या बाईला वाढदिवसाला बहिणीचं गुणवर्णन मिळालं. मी ते कार्ड फडताळात उलटं ठेवलं आहे.

इकडे सगळं छान. स्वयंपाकघर नवं केलं, फिकट हिरवं. क्लाइव्ह गुरुवारी संध्याकाळी एका गायनमंडळात जाऊ लागला आहे. त्याला सूर आहे असं त्याचं म्हणणं आहे.

डेलिथ


त्रेगारॉन, २ मार्च

डेलिथ,

झालं काम. तुझं नाव आता माझ्या विम्यावर माझ्या नावाखाली बसलं आहे आणि मला दर महिन्याला तीस पौंड वाचवून देतं. आभारी आहे. मनापासून आहे की नाही ते विचारू नकोस.

पत्रं तुझ्याकडे यायला नकोत हे मी लक्षात ठेवलं. कारणही कळलं. डागाळलेल्या लायसन्सच्या बहिणीशेजारी तुझं नाव क्लाइव्हच्या दृष्टीस पडायला नको, असंच ना? माणसानं स्वतःच्या सख्ख्या बहिणीची लाज बाळगावी, पण निदान ती नीट झाकावी तरी.

तुझ्या नवऱ्याला मात्र माझी लाज नाही. तो दर गुरुवारी संध्याकाळी बाबांना फोन करतो, गाडीतूनच, आणि दोघं रग्बीवर बोलतात. तुला माहीत असेलच. माझ्या ह्यूला लग्न टिकलं तोवर माझ्या बापाचं पहिलं नाव आठवायचं नाही, आणि आता तो स्वान्सीत दुसऱ्या बाईच्या बापाला काय हाक मारतो देव जाणे. काल सेंट डेव्हिडच्या दिवशी चॅपलमध्ये जेवण होतं. सगळ्या बायका जोडीनं आलेल्या. मी बाबांना घेऊन गेले आणि येताना मनात म्हटलं, एकीच्या ताटात दोन वाढणं आणि दुसरीचं ताटच नाही, हा कुठला न्याय.

क्लाइव्हसाठी एक मफलर विणला आहे, करड्या लोकरीचा. बाबांच्या फोनबद्दल म्हणून. वेगळा पाठवते.

नेरिस


श्रूजबरी, ७ मार्च

नेरिस,

गुरुवारी किती वाजता फोन करतो? किती वेळ बोलतो? गाडी चालू असते की कुठे थांबवलेली असते? बाबांना विचार आणि लगेच कळव. पलीकडे आणखी कुणाचा आवाज येतो का तेही विचार.

आणि मफलर का विणलास? माझ्या नवऱ्याच्या गळ्याला थंडी वाजली तर ती बघायला मी आहे. तुला त्याचे गुरुवार माहीत, त्याची रग्बी माहीत, आणि मला मात्र तो बाबांना फोन करतो हे तुझ्या पत्रातून कळतं. तो मफलर त्याने घातला. इतका आवडला त्याला की घरातही काढत नाही.

यापुढे त्याची स्तुती मला लिहून पाठवू नकोस.

डेलिथ


त्रेगारॉन, १४ मार्च

डेलिथ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना हसू आलं. तुला वाटतं मी तुझा नवरा पळवते आहे? एका मफलरानं? मला तुझा नवरा नको आहे. मला तुझ्या नवऱ्यासारखा नवरा हवा होता. या दोन्हींत फरक आहे, तो तुला कळायला हवा.

बाबांना विचारलं, तू सांगितलंस म्हणून. ते म्हणतात फोन सातच्या सुमारास येतो, गाडी थांबवलेली असते, आणि इंजिनाचा आवाज नसतो. दहाएक मिनिटं बोलतो आणि मग म्हणतो, “चला, दार उघडलं, आत जातो.” गाणाऱ्यांचा हॉल उघडायला उशीर होत असणार. मिळालं उत्तर? आता त्या बिचाऱ्याची उलटतपासणी थांबव. नशिबानं मिळालेल्या गोष्टीवर संशय घेणं हा श्रीमंतांचा खेळ आहे.

ईस्टरला येशील तेव्हा बोलू. बाबा आतापासूनच दिवस मोजतायत, आणि मी ते ऐकते आहे.

नेरिस


त्रेगारॉन, १९ मे

डेलिथ,

ईस्टरला आली नाहीस. दोन पत्रांना उत्तर दिलं नाहीस. बाबांना मी सांगितलं की तुला सर्दी झाली आहे. तुझ्यासाठी मी खोटं बोलले, तू माझ्याशी काय बोललीस ते कळायच्या आधी.

घडलं ते सांगते. महिन्यापूर्वी मी आयवर प्यूंच्या घरून खाली उतरत होते. समोरून दुधाचा टँकर आला. तो रस्ता तुला आठवतो, एका गाडीपुरता, दोन्हीकडे कुंपण. इथे रीत अशी की हलक्या गाडीनं मागं जायचं. मी गेले मागं. कुंपणाच्या खाचेत मोर्गनच्या पोराची नवी पिकअप उभी होती, तिचं दार मी चांगलंच चेपलं. चूक माझीच. कंपनीला कळवलं, अर्ज भरला. म्हटलं, विमा यासाठीच तर असतो.

आता त्यांनी दोन्ही चालकांची लायसन्सं तपासली. माझे सहा पॉइंट मी सांगितलेलेच होते. तुझेही सहा निघाले. गेल्या हिवाळ्यातले, म्हणजे मी तुला विचारलं त्याच्या आधीचे.

त्यांनी विमा रद्द केला आहे. चुकीची माहिती देऊन हप्ता कमी करून घेतला, असं लिहिलं आहे, आणि ती माहिती देणारी मी. पिकअपचे पैसेही देत नाहीत. दुसऱ्या कंपन्यांना विचारलं, तर पहिलाच प्रश्न असा असतो की तुमचा विमा कधी रद्द झाला आहे का. हो म्हटलं की एक तर नाही म्हणतात, नाही तर असा आकडा सांगतात की त्यात दुसरी गाडी यावी. विम्याशिवाय मला कामावर घेत नाहीत. पंधरा दिवस मी घरी बसून आहे. आयवर प्यूंकडे आता लँपिटरहून कुणी पोरगी जाते. ते तिला दाढीला हात लावू देत नाहीत, आणि निरोप पाठवतात की नेरिस कुठे मेली.

खुलासा द्यायला त्यांनी मला २० जूनपर्यंत मुदत दिली आहे. मी काय खुलासा देऊ? की मी बहिणीला विचारलं आणि बहीण “कोरं आहे” म्हणाली? कोण मानेल? मला तुझा खूप राग आला आहे, पण त्याहून एक गोष्ट समजत नाही. तुझ्यासारखीला कसली घाई होती? तुला तर कुठे पोहोचायचंच नसतं.

नेरिस


श्रूजबरी, २४ मे

नेरिस,

सांगते. सगळं एकदम सांगते, म्हणजे थांबायला जागा राहणार नाही.

क्लाइव्ह गायनमंडळात जात नाही. ऑक्टोबरपासून मला संशय होता. तो गुरुवारी आंघोळ करून जायचा, आणि सूर कसे लागले विचारलं तर तेच एक गाणं सांगायचा. म्हणून मी माझी गाडी काढून त्याच्या मागं जायला लागले. होय, मी. फिकट हिरव्या स्वयंपाकघरातली तुझी बहीण पावसात दिवे मंद करून नवऱ्याच्या मागं गाडी हाकत होती.

नदीपलीकडे एक उतार आहे, तीसची हद्द आहे. तिथे कॅमेरा आहे. क्लाइव्ह त्याच्यापाशी बरोबर हळू व्हायचा, त्याच्या रोजच्या वाटेवरचा तो. मला कॅमेरा दिसायचाच नाही. मला त्याच्या गाडीचे लाल दिवे दिसायचे आणि ते वळणापलीकडे जाऊ नयेत म्हणून मी पाय दाबायची. पहिल्यांदा सापडले तेव्हा सावकाश चालवायचा वर्ग करायला सांगितला. तो वर्ग मी शेजारणीच्या संगणकावर केला, आणि घरी सांगितलं की दाढ भरायला गेले होते. पुढच्या महिन्यात त्याच कॅमेऱ्यात पुन्हा, आणि जानेवारीत पुन्हा. वर्ग एकदाच मिळतो, मग पॉइंट. पोलिसांची पत्रं क्लाइव्हच्या आधी हातात पडावीत म्हणून मी थंडीत दारात उभी राहून टपालवाल्याची वाट बघायची. टपालवाल्याला वाटत असेल माझं त्याच्यावर मन जडलं आहे.

त्या उताराच्या खाली एक घर आहे, दाराशी निळी कुंडी. बाई आपल्या वयाचीच आहे, तरुणसुद्धा नाही. तरुण असती तर मी त्याला मूर्ख म्हणून मोकळी झाले असते. तिच्यात काय आहे ते मला दिसत नाही, आणि मी खूप वेळ बघितलं आहे. तू लिहिलंस ना, “दार उघडलं, आत जातो.” ते वाचून मी ईस्टरला तुमच्यासमोर यायची राहिले.

मग तू विचारलंस, लायसन्स कोरं आहे ना. आणि वर लिहिलंस, तुझं सगळंच कोरं असतं. नेरिस, हा सगळा हिवाळा माझा हेवा करणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे तू. तेवढंही घालवायचं माझ्या जिवावर आलं. झाकली मूठ होती, ती तुझ्या पैशानं झाकून ठेवली.

सोबत कागद जोडला आहे, सही करून. तू मला लेखी विचारलं होतंस आणि मी तुला जाणूनबुजून खोटं सांगितलं, असं त्यात स्पष्ट आहे. माझं फेब्रुवारीचं पत्रही त्याला जोड. शेजारणीचे यजमान वकिली करायचे. ते म्हणाले की तू रीतसर चौकशी केली होतीस हे सिद्ध झालं तर कंपनीला विमा असा रद्द करता येत नाही.

पण हेही सांगते. आमच्या दोन्ही गाड्या त्याच कंपनीकडे आहेत. अर्ज क्लाइव्ह भरतो आणि त्यालाही मी कोरंच सांगितलं आहे. हा कागद पोहोचला की ते आमच्या पत्त्यावर लिहितील, त्यात तारखा असतील, रस्त्याचं नाव असेल, आणि ते पत्र तो उघडेल. त्याला कळेल की मला माहीत आहे. मग त्याला काहीतरी ठरवावं लागेल, आणि तो काय ठरवील याची मला इतकी भीती वाटते की मी आतापर्यंत एक शब्द काढलेला नाही.

कागद तुझ्या हातात आहे. टाक पोस्टात.

डेलिथ


त्रेगारॉन, २ जून

डेलिथ,

कागद फ्रिजवर ठेवला आहे. पाठवलेला नाही आणि पाठवणारही नाही.

यात माझा थोरपणा शोधू नकोस. खरं ते लिहिते. तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी दुपारपर्यंत मला बरं वाटत होतं. मी चहा केला, बेदाण्याचा पाव कापला आणि लोणी जरा जास्तच लावलं. बाबा म्हणाले, आज खूष दिसतेस. तुझं घर मोडावं असं मला कधी वाटलं नाही, पण त्याला कुठेतरी एक तडा असावा, एवढं मी वर्षानुवर्षं मागत होते. मग संध्याकाळी, भांडी घासताना, तू थंडीत दारात उभी असलेली मला दिसलीस. तेव्हा लोणी घशाशी आलं.

दुसऱ्या दिवशी लिफाफा घेऊन पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. मला माझं काम हवं आहे. आयवर प्यूंची दाढी, सगळ्यांची ती कुरकुर, दारात शिरल्याबरोबर “उशीर केलास” म्हणणं, ते सगळं हवं आहे. पण दर वेळी पेटीत हात घालताना आणखीही काहीतरी हवं असायचं. क्लाइव्हनं ते पत्र उघडावं असं वाटायचं. पोटासाठी पाठवते आहे की जळफळाटापोटी, हे मलाच वेगळं करता येईना. जोवर ते वेगळं होत नाही तोवर तुझा संसार माझ्या हातानं पेटीत पडणार नाही.

मोर्गनच्या पोराला मी महिन्याच्या महिन्याला देईन म्हटलं, तो हो म्हणाला. शाळेच्या स्वयंपाकघरात सप्टेंबरपासून जागा आहे, चालत जाता येतं. तिथे बटाटे सोलायचे असतात. बटाटे मला उशीर केला म्हणणार नाहीत, एवढंच वाईट.

नेरिस


श्रूजबरी, ८ जून

नेरिस,

कागद पाठव. मी त्याला सांगितलं.

तुझं पत्र आलं तेव्हा तो समोर बसून माझं टपाल फोडत होता. एरवी तुझी पत्रं मी त्याच्या आधीच उचलते, या वेळी राहिलं, आणि त्यानं तुझंही फोडायला घेतलं. मी त्याच्या हातातून ओढून घेतलं, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. मी तुझं पत्र उभ्यानं वाचलं, लोणी वाचलं, बटाटे वाचले, आणि मग खाली बसून त्याला सगळं सांगितलं. गुरुवार, उतार, कॅमेरा, सहा पॉइंट, तुझं गेलेलं काम.

त्याचं पहिलं वाक्य काय होतं सांगू? “आपल्या विम्याला हे कळवलं नाहीस?” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, म्हणजे आपण हिवाळाभर जवळजवळ विम्याशिवाय फिरत होतो. मला वाटलं तो लाजला आहे म्हणून आधी विम्याचं बोलतो आहे. मग मी विचारलं, तुला काही बोलायचं नाही का.

तेव्हा म्हणाला, “तू मागं आहेस ते मला माहीत होतं. पहिल्याच गुरुवारी आरशात दिसलीस.”

मी विचारलं, मग थांबला का नाहीस.

“मला वाटलं, तू थांबशील.”

नेरिस, तो कॅमेऱ्यापाशी हळू व्हायचा, मागं मी आहे हे बघायचा, आणि वळणापलीकडे पुन्हा वेग घ्यायचा. दर गुरुवारी. आणि निळ्या कुंडीच्या घराबाहेर गाडीत बसून आपल्या बाबांशी रग्बीवर बोलायचा, मी चार घरं अलीकडे दिवे विझवून बसलेली असताना. मी त्याच्यासाठी इतकी जळले, आणि त्याने मागं वळून बघायचेही कष्ट घेतले नाहीत, आरशात भागवलं.

तो आता वरच्या खोलीत झोपतो. घर विकू म्हणतो, शांतपणे, रंगाची निवड करावी तसं. मी इथे राहू शकत नाही. मला घ्यायला येशील का? माझी गाडी मी चालवू शकते, पण त्या उतारावरून नाही, आणि तुमच्याकडे यायचा रस्ता तिथूनच जातो.

डेलिथ


त्रेगारॉन, १९ जून

डेलिथ,

कागद दहा तारखेला पाठवला. तुझं हे पत्र हातात आल्यावर पेटीपाशी मला काहीच आनंद झाला नाही, म्हणून पाठवता आला.

कंपनीचा माणूस काल फोनवर होता. मी विचारलं होतं आणि मला खोटं सांगितलं गेलं, हे त्यांनी मान्य केलं. विमा पुन्हा चालू केला आहे, पिकअपचे पैसे देतायत, रद्द झाल्याची नोंद काढतायत. तुझं नाव काढून टाकलं आहे. आता हप्ता माझ्या एकटीच्या नावाचा, महाग आणि सरळ. सोमवारपासून मी कामावर. तुमचा विमा किती चढणार ते त्याने मला सांगितलं नाही, ते क्लाइव्हला सांगतील.

शनिवारी दहा वाजेपर्यंत येते. सामान फाटकाबाहेर आणून ठेव, मी आत येणार नाही. आत आले तर त्याच्याशी बोलेन, आणि बोलले तर आपल्याला निघायला संध्याकाळ होईल. उतारावरून मी हद्दीत चालवीन. तू डोळे मिटून घे.

बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं की डेलिथ राहायला येते आहे. ते काठी न घेता जिना चढले आणि तुझ्या खोलीची खिडकी उघडून आले. मी या घरात अकरा वर्षं राहते, माझ्यासाठी ते कधी पायरीही चढलेले नाहीत. हे मी तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

एक राहिलं. रात्री पडल्यावर मी रोज तुझ्याशी मनात भांडत आले आहे, लहानपणापासून. तुझा फ्रॉक, तुझे मार्क, तुझा नवरा, तुझं लायसन्स, काही ना काही असायचंच. हल्ली पडते आणि शोधते, तर काहीच सापडत नाही. तुझ्याकडचं मला आता काही नको आहे. हे मला अजिबात सोसत नाही, डेलिथ. ये, चार दिवस पोटभर खा, झोप, आणि लवकर उभी राहा. मला तुझा हेवा करायचा आहे.

नेरिस